भिंतीवरची काजळी

गरिबीने जपलेल्या वस्तू पुढे श्रीमंतांना सुंदर वाटू लागतात, ही गोष्ट काही नवी नाही. आजीचे पितळी डबे सुनेने मोडीत घालावेत आणि नातसुनेने तसेच डबे जुन्या बाजारातून चौपट किमतीला आणून दिवाणखान्यात मांडावेत, हा प्रकार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी घडलेला आहे. डब्यांच्या बाबतीत हसून सोडून द्यावे, यापलीकडे त्यात काही नाही. परंतु हाच प्रकार जेव्हा एका अख्ख्या गावाच्या वाट्याला येतो, तेव्हा मला हसू येत नाही. ज्या घरात राहणे असह्य झाले म्हणून माणसे देशोधडीला लागली, त्याच घराकडे पाहून परका प्रवासी ‘काय सुंदर!’ असे म्हणतो. त्याच्या तोंडून निघालेला हा उद्गार खोटा नसतो. घर खरोखरच सुंदर असते. मग दुसऱ्याच्या हालअपेष्टांनी घडवलेल्या सौंदर्याचा आपण निश्चिंत मनाने आस्वाद घ्यावा, हे नीतीला धरून आहे काय?

हा प्रश्न मला पडला तो इटलीतील अब्रुत्सो या प्रांतात हिंडताना. इटली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रोम येते, फ्लॉरेन्स येते, व्हेनिसचे कालवे येतात. अब्रुत्सोचे नाव सहसा कोणी घेत नाही. रोमच्या पूर्वेला डोंगर ओलांडला की हा प्रांत लागतो आणि तो थेट एड्रियाटिक समुद्राला जाऊन भिडतो. अपेनाइन पर्वताचे सर्वांत उंच शिखर, कोर्नो ग्रांदे, याच प्रांतात आहे. त्याची उंची २९१२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ पावणेदोनपट. माझा भाचा कंपनीच्या कामानिमित्त सहकुटुंब रोमला राहतो. त्याच्याकडे गेलो असता, ‘मामा, रोम काय सगळेच पाहतात, तुम्हांला मी डोंगरातली गावे दाखवतो,’ असे म्हणून त्याने मला, सूनबाईला आणि दोन मुलांना गाडीत घातले. एप्रिल संपत आला होता. रस्त्याच्या कडेला बदामाची झाडे पालवली होती आणि वर शिखरांवर बर्फ तसेच होते.

या गावांची ठेवण एकदा पाहिली की विसरत नाही. डोंगराच्या माथ्यावर किंवा सोंडेवर घराला घर चिकटून उभे; बाहेरच्या ओळीतल्या घरांच्या मागच्या भिंती म्हणजेच गावाचा तट; तटाला एखादीच वेस; आत बैल वळणार नाही इतके अरुंद बोळ, त्यांना पायऱ्या आणि वर कमानी; सगळ्यांच्या डोक्यावर एक बुरूज. दगड डोंगराचाच, त्यामुळे डोंगर कोठे संपला आणि गाव कोठे सुरू झाले हे लांबून कळत नाही. धाकट्या मुलाने खिडकीतून पाहून, ‘हा तर आपला दिवाळीतला किल्ला!’ असे जाहीर केले. मला त्याहून चांगली उपमा सुचलेली नाही.

ही गावे इतक्या उंचावर, इतक्या थंडीत वसली ती मेंढ्यांच्या जिवावर. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर चारायचे आणि हिवाळा लागण्यापूर्वी कळप घेऊन दक्षिणेला पुलिया प्रांताच्या मैदानात उतरायचे, हा येथल्या मेंढपाळांचा शेकडो वर्षांचा क्रम. आपल्याकडचे धनगर पावसाळ्याच्या धोरणाने घाट चढतात-उतरतात, तसेच हे. फरक इतकाच की त्यांना पाऊस हाकतो आणि यांना बर्फ. १४४७ मध्ये नेपल्सचा राजा आल्फोन्सो याने या येण्याजाण्यावर रीतसर खाते बसवले, कर बसवला आणि कळपांसाठी सरकारी वाटा राखून ठेवल्या. लाक्विला ते फोज्जा ही त्यांतली सर्वांत लांब वाट २४४ किलोमीटरांची. रुंदी किती असेल? एकशे अकरा मीटर! माणसाच्या वाट्याला हातभर बोळ आणि मेंढीच्या वाट्याला एवढा राजमार्ग. कारण उघड आहे, कर मेंढीवर होता. १८०६ साली ते खाते मोडले, मैदानात नांगर चालू लागला, कुरणे आक्रसली आणि या डोंगरी गावांच्या पोटावर पाय आला. या हंगामी स्थलांतराचा समावेश युनेस्कोने २०१९ मध्ये मानवजातीच्या वारशात केला. वारसा म्हणून मान मिळायला एखादी गोष्ट आधी जवळजवळ संपावी लागते, असे दिसते.

पुरुष सात-आठ महिने मैदानात आणि बायका, म्हातारे, पोरे बर्फात. गावाचा कारभार बायकांनीच चालवायचा, लाकडे आणायची, पाणी भरायचे, बाळंतपणे एकमेकींची करायची. मेंढपाळही नुसते अडाणी नव्हते हो! रात्री शेकोटीपाशी आरिओस्तो आणि तास्सो यांची दीर्घकाव्ये तोंडपाठ म्हणणारे मेंढपाळ येथे होऊन गेले, ही या प्रांताची जुनी ख्याती आहे. मला ते ऐकून बरे वाटले. पण काव्याने पोट भरत नाही. माणसे आधी अमेरिकेत गेली, मग दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमला गेली. १९४६ साली इटली आणि बेल्जियम या दोन सरकारांत करार झाला: इटलीने खाणीत उतरायला माणसे द्यावीत, बेल्जियमने इटलीला कोळसा द्यावा. माणूस आणि कोळसा एकाच कराराच्या दोन बाजूंना मांडले गेले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधील मार्सिनेल येथील खाणीत आग लागली. २६२ माणसे मेली. त्यांत १३६ इटालियन होते आणि त्यांतले साठ एकट्या अब्रुत्सोचे. मानोप्पेल्लो नावाच्या एका गावातून वीसहून अधिक प्रेते निघाली. माणसे गेली तेव्हा दारांना कुलपे लावून गेली. पुढे कुलपे गंजली. पण घरांना सिमेंटचा गिलावा झाला नाही, पत्रे चढले नाहीत, खिडक्या मोठ्या झाल्या नाहीत. ते करायला हातात पैसा आणि घरात माणूस लागतो. दोन्ही नव्हते म्हणून गाव जसेच्या तसे राहिले. आपण ज्याला ‘मध्ययुगीन मोहकता’ म्हणतो, तिचा राखणदार दारिद्र्य हा होता.

आता सान्तो स्तेफानो दी सेस्सानियो या गावाची गोष्ट सांगतो, कारण सारा वाद तेथेच पेटला. समुद्रसपाटीपासून साडेबाराशे मीटरांवरचे हे गाव. येथल्या लोकरीवर फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याचा डोळा होता. १५७९ मध्ये त्यांनी ही जहागीरच विकत घेतली. वेशीवर त्यांचे राजचिन्ह अजून दिसते. पुढे लोकर गेली, मेदिची गेले, माणसे गेली. गेल्या शतकाच्या अखेरीस डॅनिएले किलग्रेन नावाचा अर्धा स्वीडिश, अर्धा इटालियन गृहस्थ फिरत फिरत येथे आला आणि गावाच्या प्रेमात पडला. पैसा गाठीशी होता. त्याने ओसाड घरे एकेक करून विकत घेतली आणि त्यांचे हॉटेल केले. इटलीत या प्रकाराला ‘विखुरलेले हॉटेल’ म्हणतात: एक खोली या बोळात, दुसरी त्या कमानीखाली, जेवणघर तिसरीकडे. नवीन इमारत एकही बांधायची नाही. नगरपालिकेनेही नव्या बांधकामाला आळा घालण्याचे मान्य केले.

येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. परंतु या गृहस्थाने आणखी एक गोष्ट केली. खोल्यांच्या भिंतींवर शेकडो वर्षांच्या चुलीची काजळी होती, ती त्याने पुसली नाही. उंच लाकडी पलंग, लोकरीच्या जाड गाद्या, हाताने विणलेल्या चादरी, छोट्या खिडक्या, काळ्या भिंती, सारे तसेच. विजेच्या तारा आणि उबेची सोय मात्र जमिनीखालून केलेली, दिसू नये अशी. आम्ही तेथे उतरलो नव्हतो, कारण एका रात्रीच्या भाड्यात आपल्याकडे एका कुटुंबाचा महिन्याचा किराणा येईल. एक खोली रिकामी होती ती तेथल्या मुलीने दार उघडून मोठ्या अगत्याने दाखवली.

सूनबाई भारावून गेली. म्हणाली, ‘मामा, किती प्रामाणिक आहे हे! दुसऱ्या कोणी पांढरा रंग फासला असता.’

भाचा इंजिनिअर. तो भिंतीला बोट लावून, बोट पाहत म्हणाला, ‘ज्या बाईने या खोलीत चूल फुंकली, तिला विचार. तिला पांढराच रंग हवा असता. ही काजळी तिच्या डोळ्यांत गेली, छातीत गेली. आता ती आपल्याला विकायला ठेवली आहे.’

‘म्हणून काय पुसून टाकायची? म्हणजे ती बाई होती हेसुद्धा पुसले जाईल.’

‘ती होती हे कळण्यासाठी तिच्या चुलीपाशी रेशमी अभ्र्यावर डोके ठेवून झोपावे लागते काय?’

अभ्रा रेशमी नव्हता, साध्या तागाचा होता. पण नवरा-बायकोच्या वादात अशा दुरुस्त्या मामाने करू नयेत. मुले बाहेर मांजरामागे धावत होती. मी त्या दोघांचे ऐकत राहिलो. दोघांचेही म्हणणे मला पटत होते, आणि तेच अडचणीचे होते.

काजळी पाहून येणारा आनंद आणि काजळीत राहून होणारा त्रास यांचा एकमेकांशी संबंध काय? कोणी म्हणेल, काही नाही. त्रास भोगणारी केव्हाच निवर्तली, आपल्या आनंदाने तिच्या त्रासात भर पडत नाही. हिशोबाच्या दृष्टीने हे खरे आहे. परंतु नीती म्हणजे नुसता हिशोब नव्हे. मेलेल्या माणसाची थट्टा केल्याने त्याला दुखत नाही. तरीही आपण ती करीत नाही. मृताच्या बाबतीत आपल्याला जे बंधन वाटते, ते त्याच्या दुःखाशी नसून सत्याशी असते: तो जसा होता तसा आपण त्याला पाहिला पाहिजे. काजळीकडे पाहून जर मला चूल फुंकणारी बाई दिसत असेल, तर ती काजळी ठेवणाऱ्याने मोठे काम केले. काजळीत मला केवळ रंगाची एक खुमासदार छटा दिसत असेल, तर त्या बाईवर दुसऱ्यांदा अन्याय झाला. पहिला परिस्थितीने केला, हा दुसरा मी करतो आहे. म्हणजे गुण-दोष भिंतीत नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत आहे. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, नजरेवर तिकीट लावता येत नाही. येणारा कोणत्या नजरेने येतो हे हॉटेलवाल्याने कसे ओळखावे?’ त्याला उत्तर देणे मला अजून साधलेले नाही.

पण भाच्याची बाजूही सगळी धुतल्या तांदळासारखी नाही. हॉटेल नसते तर काय झाले असते, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही; शेजारच्या कित्येक वाड्यांची छपरे आत कोसळून त्यांतून झाडे वर आली आहेत. सहा एप्रिल २००९ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास लाक्विला परिसरात भूकंप झाला आणि ३०९ माणसे दगावली. सान्तो स्तेफानोचा गोल बुरूज, जो सगळ्या चित्रांत दिसे, तो त्या पहाटे ढासळला. तो पुन्हा उभारला गेला याचे एक कारण असे की तोवर या गावाकडे पाहणारी माणसे निर्माण झाली होती. ज्या गावाकडे कोणी पाहत नाही, त्याचा बुरूज कोण बांधून देणार? आणि २०२० मध्ये या गावाने जाहीर केले की जो तरुण येथे येऊन राहील व धंदा काढील, त्याला तीन वर्षे पैसे देऊ आणि नाममात्र भाड्याने घर देऊ. गावात तेव्हा ११५ माणसे नोंदलेली होती आणि त्यांत विशीच्या आतली तेरा. तेरा मुलांच्या गावात क्रिकेटच काय, लगोरीचा डावही पुरा रंगत नाही.

खरा पेच मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. गाव बदलायचे नाही, असे एकदा ठरले की त्या सौंदर्याची किंमत कोण मोजतो? पाहुणा दोन रात्री राहतो, भाडे देतो आणि जातो. पण त्याच गावात बाराही महिने राहणाऱ्या म्हातारीला वाटले की खिडकी जरा मोठी करावी, ऊन आत येऊ द्यावे, तर तिला परवानगीसाठी अर्ज करावा लागतो. सौंदर्याचा भोग आपला आणि पथ्य तिचे. ज्याला बदलाचा हक्क नाही त्याला आपण घरमालक म्हणतो खरे. वस्तुतः तो आपल्याच घराचा पहारेकरी झालेला असतो. मग जुने मोडून सिमेंटचे ठोकळे उभारावेत काय? नाही, तेही मला पाहवत नाही. पण मला पाहवत नाही, हा दुसऱ्याच्या घराविषयीचा पुरावा कसा होतो?

जवळच कालाशियो गाव आहे आणि त्याच्या वर, १४६० मीटरांवर, रोक्का कालाशियोचा ओसाड किल्ला. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, मध्ये चौकोनी मनोरा, आणि खाली अष्टकोनी देऊळ एकटेच उभे. १७०३ च्या भूकंपानंतर किल्ल्याभोवतालची बरीच वस्ती खालच्या गावात उतरली. येथे १९८५ च्या ‘लेडीहॉक’ या अमेरिकन चित्रपटाचे चित्रण झाले, तेव्हापासून लोक येतात. मुलांना ही जागा सगळ्यांत आवडली. वारा इतका की धाकट्याची टोपी दरीत गेली. इटालियन सरकारने २०२२ मध्ये प्रत्येक प्रांतातले एक मरू घातलेले गाव निवडून त्याला दोन कोटी युरो देण्याची योजना केली, त्यात अब्रुत्सोतून कालाशियोची निवड झाली. गावात माणसे सव्वाशे-दीडशे. भाच्याने उभ्या उभ्या भागाकार केला आणि शीळ घातली. ‘एवढे पैसे शंभर वर्षांपूर्वी दिले असते तर कोणी गेलेच नसते,’ असे तो म्हणाला. शंभर वर्षांपूर्वी गाव सुंदर नव्हते, केवळ गरीब होते. त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नसावे.

या प्रांताने दोन मोठे लेखक दिले आणि दोघांनीही खेड्यांवर लिहिले, पण किती वेगळ्या तऱ्हेने! तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे १८६६ मध्ये पेस्कास्सेरोली येथे जन्मला. सतरा वर्षांचा असताना भूकंपात त्याचे आईबाप गेले, तो स्वतः ढिगाऱ्याखालून निघाला. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर त्याने आपल्या आईकडचे व वडिलांकडचे अशा दोन छोट्या गावांचा, पेस्कास्सेरोली आणि मोन्तेनेरोदोमो यांचा इतिहास लिहिला आणि तो आपल्या नेपल्सच्या राज्याच्या इतिहासाला जोडला. राजे-महाराजांच्या ग्रंथाच्या शेपटाला दोन खेडी! त्याचे म्हणणे असे की इतिहास नुसता जुना म्हणून जिवंत नसतो. आजची एखादी काळजी त्याला जाऊन भिडते तेव्हाच तो बोलू लागतो. दुसरा इन्यात्सियो सिलोने. तो पेशिना गावचा. १९१५ च्या भूकंपात आई गमावलेला. त्याची ‘फोन्तामारा’ ही कादंबरी १९३३ मध्ये परदेशात, झुरिचला छापली गेली, कारण फॅसिस्ट राजवटीत ती घरी छापणे शक्य नव्हते. तिच्यातले खेडूत आपल्या ओढ्याचे पाणी दुसरीकडे वळवले जाताना पाहतात आणि कायद्याच्या भाषेत फसवले जातात. त्या कादंबरीत गावाच्या देखणेपणाला किंमत नाही. पाण्यासाठी भांडणाऱ्याला आपल्या गावची कमान गोलाकार आहे की टोकदार, हे दिसत नसते. ते पाहायला पोट भरलेले असावे लागते, आणि पाणी नळाला आलेले.

स्कान्नो गावाचेही असेच. तेथल्या काळ्या पोशाखातल्या बायकांची छायाचित्रे १९५१ मध्ये कार्तिए-ब्रेसाँने काढली, पुढे १९५७ मध्ये जाकोमेल्लीने काढली, आणि ती जगभर गाजली. त्या बायकांनी ती पाहिली असतील काय, हा विचार माझ्या मनात आला. सूनबाई म्हणाली, ‘पाहिली असती तर म्हणाल्या असत्या, मेल्याने सणाचे लुगडे नेसायला वेळ तरी द्यायचा!’

पूर्वेकडे, मायेल्ला पर्वताच्या अंगाला जेस्सोपालेना आहे. येथे मात्र बोळ, कमानी, फुलांच्या कुंड्या यांपैकी काही नाही. जिप्समच्या खडकावर बांधलेले जुने गाव १९४३ च्या डिसेंबरात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने सुरुंग लावून उडवले. ऐन थंडीत माणसे उघड्यावर पडली. २१ जानेवारी १९४४ रोजी गावाजवळच्या सान्त’आगाता वस्तीत ४२ जणांना ठार मारण्यात आले. युद्ध संपल्यावर गावकऱ्यांनी जुन्या जागेवर घरे उभारली नाहीत. शेजारी नवे, साधे, काही अंशी कुरूपच म्हणावे असे गाव वसवले आणि जुने भग्नावशेष तसेच ठेवले. मला हे गाव सान्तो स्तेफानोहून जास्त मोकळे वाटले. काय ठेवायचे आणि कोठे राहायचे, हे ज्यांचे गाव त्यांनी ठरवले होते. आमच्या येण्याने किंवा न येण्याने त्यांचे काही अडणार नव्हते.

आणि येथवर आलेल्या मराठी माणसाने आणखी थोडे पुढे, समुद्राच्या बाजूला, सांग्रो नदीपाशी जावे. १९४३ च्या हिवाळ्यात या चिखलात आठवी हिंदी डिव्हिजन लढली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. सातारा-कोल्हापूरकडची पोरे, ज्यांनी बर्फ कधी पाहिले नव्हते. तोरिनो दी सांग्रो येथील युद्धस्मशानात ज्या हिंदी जवानांना अग्नी दिला गेला त्यांचे वेगळे स्मारक आहे आणि त्यावर पाचशेहून अधिक नावे आहेत. मुलांनी ती वाचायला सुरुवात केली, मग गप्प झाली. डोंगरांपलीकडे आवेत्सानोला हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवल्यावर निरनिराळ्या छावण्यांतून निसटलेल्या कैद्यांना याच डोंगरी खेड्यांतल्या लोकांनी मेंढवाड्यांत, पोटमाळ्यांवर लपवले आणि आपल्या घासातला घास दिला. सापडले तर जर्मन गोळी घालीत. ज्या काळ्या खोलीपाशी आम्ही वाद घातला, तसल्याच खोल्या त्या. तेथे त्या रात्री जे घडले त्याचे चिन्ह भिंतीवर उरत नाही, काजळी उरते.

१ मे रोजी आम्ही कोकुल्लोला होतो. सान दोमेनिको या संताचा तो उत्सव. गावात माणसे दोन-अडीचशे, आणि त्या दिवशी रस्त्यात पाऊल ठेवायला जागा नाही. महिनाभर आधीपासून गावचे सर्पमित्र डोंगरात हिंडून बिनविषारी साप धरून आणतात. देवळातून संताची मूर्ती बाहेर आली की तिच्या अंगाखांद्यावर ते जिवंत साप घालतात आणि मिरवणूक निघते. साप मूर्तीच्या तोंडावर कसे सरकतात, त्यावरून वर्ष कसे जाईल याचा अंदाज बांधतात. देवळात एका घंटेची दोरी दातांनी ओढायची. दाढ दुखत नाही म्हणे. मी ओढली. माझ्या वयाला दातांनी दोरी ओढणे हीच श्रद्धेची मोठी कसोटी! सूनबाईला बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवली आणि तेथे काय काय बंद पडले तेही आठवले. येथे अभ्यासक साप तपासतात, त्यांची नोंद करतात आणि उत्सवानंतर ते होते तेथे सोडून दिले जातात.

भाच्याने विचारले, ‘मामा, हेसुद्धा प्रवाशांसाठीच नाही का?’ मी त्याला एका मुलीकडे बोट करून दाखवले. आठ-दहा वर्षांची असेल. तिच्या गळ्यात चांगला दीड हाताचा साप होता आणि दुसऱ्या हातात आइस्क्रीम. दहा-बारा परके लोक कॅमेरे रोखून उभे होते. तिचे त्यांच्याकडे लक्ष नव्हते. आइस्क्रीम वितळत होते आणि सापाला ते लागू नये याची तिला काळजी होती. आजी मागून काहीतरी ओरडत होती, बहुधा फ्रॉक खराब होईल म्हणून.

रोमला परतण्याआधी वाकडी वाट करून पुन्हा डोंगर चढलो, कारण सूनबाईला त्या भागातली मसूर हवी होती. सान्तो स्तेफानोची मसूर प्रसिद्ध आहे. दाणा बारीक, काळपट, हजार मीटरांच्या वर पिकणारी, भिजत न घालता शिजणारी. कास्तेल देल मोन्तेला एका दुकानात ती मिळाली. दुकानदार बाई सत्तरीच्या. भाव ऐकून मी मनातल्या मनात आपल्या वाण्याची क्षमा मागितली. भाच्याच्या मोडक्यातोडक्या इटालियनमधून गप्पा सुरू झाल्या. समोरच्या बोळातली सात घरे बंद होती. मी विचारले, ‘ही कोणाची?’ तिने बोट दाखवत एकेकाचा पत्ता सांगितला: हे टोरांटोला, हे रोमला, हे बेल्जियमला, या दोघांचे भांडण कोर्टात. ऑगस्टमध्ये सगळे येतात, म्हणाली. पंधरा ऑगस्टच्या सणाला बोळात खाटा टाकाव्या लागतात, बाथरूमपाशी रांग लागते, आणि रात्री दोन वाजेपर्यंत कोणी झोपू देत नाही. वीस तारखेपासून एकेक दार बंद होऊ लागते.

मग तिने मला विचारले, तुमच्या गावची घरेही अशीच बंद असतात का? मी म्हणालो, असतात. दिवाळीला उघडतात.

‘किती दिवस?’

‘चार. फार तर पाच.’

तिने मसुरीच्या पिशवीला गाठ मारली, भाच्याकडे वळून काहीतरी म्हणाली आणि वरून आणखी एक मूठ दुसऱ्या कागदात बांधून मुलांच्या हातात दिली. भाच्याला मी विचारले, काय म्हणाली? तो म्हणाला, ‘आमच्याकडे दोन आठवडे राहतात, म्हणते. पैजेत जिंकल्यासारखी म्हणाली.’